बांडगुळाचं वजन

ऑफिसातल्या कामाबद्दल इथे लिहायचं नाही असा माझा एक नियम आहे. एक तर ते गुप्त असतं आणि दुसरं म्हणजे कंटाळवाणं असतं. त्यातलं दुसरं कारण जास्त खरं. पण मंगळवारच्या मीटिंगपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती कुठेतरी उतरवल्याशिवाय जायची नाही. तेव्हा आज नियम मोडतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मंडळींनी 'किती सोपं करून सांगतोय' म्हणून नाक मुरडू नये, आणि नाशिकच्या मावशीने 'मला यातलं काही कळत नाही बाई' म्हणून मधेच पान बंद करू नये. पंख्याचा कंडेन्सर माहीत आहे ना? मग पुरे.

झालं असं की, आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा आपल्या सर्किटची माहिती देत होता. हुशार आहे, मेहनती आहे. पडद्यावर एक तक्ता आला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, या नोडचा कपॅसिटन्स ४१.३७ फेम्टोफॅरड. मी विचारलं, "हा आकडा कुठून आणलास?"

"सर, सिम्युलेटरमध्ये मोजला."

"मोजलास म्हणजे नक्की काय केलंस?"

तो गोंधळला. "म्हणजे... टूलने दिला, सर."

यावर मी जरा जास्तच बोललो. इतकं की नंतर चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "अरे, चाळीस फेम्टोफॅरडसाठी एवढा घसा कोरडा करायचा?" त्याला कारण माहीत नव्हतं. ते सांगणारच आहे, पण आधी थोडी प्रस्तावना.

पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन येऊन कंडेन्सर बदलतो. तो साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो. आत काय असतं? धातूचे दोन पापुद्रे आणि मध्ये वीज न जाऊ देणारा थर. बस्स. आता गंमत अशी आहे की धातूच्या कुठल्याही दोन गोष्टी जवळ आणल्या की त्यांचा आपोआप एक कंडेन्सर होतो, तुम्हाला हवा असो वा नसो. चिपमध्ये तर तारांची नुसती दाटी. एकमेकींना खेटून, एकमेकींच्या वरून, खालून, मध्ये जेमतेम काचेसारख्या ऑक्साइडचा थर. आणि ट्रान्झिस्टर स्वतःच अंगापिंडाने कंडेन्सर. मग जिथे दोन-चार तारा एकत्र येतात, ज्याला आम्ही नोड म्हणतो, त्या प्रत्येक जागेला न मागता, न काढता, फुकटात मिळालेला थोडा थोडा कपॅसिटन्स चिकटलेला असतो. पुस्तकात त्याला परजीवी म्हणतात. मला बांडगूळ हा शब्द जास्त आवडतो. आंब्यावरचं बांडगूळ झाडाचा रस पितं, हे करंट पितं. नोडचं व्होल्टेज वर न्यायचं म्हटलं की आधी याचं पोट भरा, खाली आणायचं म्हटलं की आधी याचं पोट रिकामं करा. बांडगूळ जितकं जाड तितकं सर्किट मंद. मावशी, थिअरी संपली.

हे बांडगूळ केवढं असतं? पंख्याचा कंडेन्सर दहा फेम्टोफॅरडच्या पंचवीस कोटी पट मोठा. दहा फेम्टोफॅरडच्या नोडला एक व्होल्टवर न्यायला सुमारे ६२ हजार इलेक्ट्रॉन पुरतात. ६२ हजार! वानखेडे स्टेडियमलाही एवढी माणसं मावत नाहीत हे खरं, पण इलेक्ट्रॉनच्या हिशेबात ही संख्या म्हणजे काहीच नाही. आता हे खऱ्या चिपवर मोजायचं कसं? नेहमीच्या ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा स्वतःचाच कपॅसिटन्स दहा-पंधरा पिकोफॅरड असतो, म्हणजे मोजायच्या वस्तूच्या हजार पट. तो टेकवला की नोड मेलाच. धान्याच्या काट्यावर गुंजभर सोनं तोलण्यातला प्रकार. खास मोजमापासाठी म्हणून चिपवर वेगळ्या रचना करतात त्यांची गोष्ट निराळी, पण सर्किटच्या पोटातला एखादा नोड पकडून 'सांग बाबा तुझं वजन' असं विचारता येत नाही.

म्हणून सिम्युलेटर. बर्कलीला लॉरेन्स नेगल नावाच्या विद्यार्थ्याने डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली स्पाइस लिहिला आणि १९७३ मध्ये तो जगापुढे मांडला. (त्याच्या आधीच्या प्रोग्रॅमचं नाव कॅन्सर होतं. आद्याक्षरं जुळवून नावं ठेवण्याच्या हौसेला काही सीमा नाही.) आज जगात जे सर्किट सिम्युलेटर चालतात ते बहुतेक या स्पाइसचेच नातू-पणतू. माझं पोट गेली कित्येक वर्षं त्यांच्यावर चाललंय, त्यामुळे मी त्यांची निंदा करणार नाही. माझा आक्षेप एका क्रियापदावर आहे. 'मोजला' या क्रियापदावर.

सिम्युलेटर काहीही मोजत नाही. आपण आणि चिप बनवणाऱ्या कारखान्याने मिळून त्याला जे सांगितलंय, त्याची तो बेरीज करून परत देतो. वाण्याच्या यादीसारखं आहे हे. बेरीज कधीच चुकत नाही, पण तुम्ही तूरडाळ लिहायलाच विसरला असाल तर वाणी काय करणार? लेआउट काढायच्या आधी सिम्युलेशन केलं तर तारांचा कपॅसिटन्स शून्य, कारण तारा अजून अस्तित्वातच नाहीत. उलटही होतं. गणित सुटत नसलं तर सिम्युलेटरला 'प्रत्येक नोडला इवलासा कपॅसिटर लाव' असं सांगायची एक सोय असते. कुणीतरी कधीतरी ती चालू केलेली असते, फाइल एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत जाते, आणि तिसराच माणूस भक्तिभावाने तो आकडा 'मोजून' आणतो. स्वतःच तराजूत टाकलेला दगड पुन्हा स्वतःच तोलायचा!

बरं, बेरीज म्हणावं तर तीही एकच नसते. नोडचा कपॅसिटन्स काढायच्या निदान तीन रीती मी रोज वापरतो.

पहिली सगळ्यात सोपी. एक पर्याय चालू केला की सिम्युलेटर सर्किट स्थिर करतो, त्या स्थितीत प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या चारी पायांमधला कपॅसिटन्स काढतो आणि नोडवार बेरीज करून तक्ता छापतो. एचस्पाइस आणि स्पेक्टर, दोन्हींत या सोयीचं नाव कॅपटॅब. छान तक्ता असतो, नेटका, दशांशचिन्हांसकट. (या सिम्युलेटरांच्या आकड्यांत कधीतरी गेटपासून ड्रेनपर्यंतचा कपॅसिटन्स एक आणि ड्रेनपासून गेटपर्यंतचा वेगळाच दिसतो. नवशिके घाबरतात. ती चूक नाही, ट्रान्झिस्टरमध्ये खरंच तसं असतं. आपण त्यांना पैठणी द्यावी आणि त्यांनी आपल्याला ब्लाउजपीस द्यावा, आहेर दोन्हीकडून सारखाच असतो असं कुणी सांगितलंय?)

दुसरी रीत: नोडला एक व्होल्टचा एसी सोर्स लावायचा आणि करंट किती जातो ते बघायचं. एक मेगाहर्ट्‌झला ०.७५ मायक्रोअँपिअर करंट व्होल्टेजच्या पाव फेरी पुढे गेला, तर २π आणि फ्रिक्वेन्सीने भागून सुमारे १२० फेम्टोफॅरड. उलट बाजूने, एक अँपिअर करंट सोडून व्होल्टेज बघणारेही आहेत. एवढ्याशा नोडमध्ये एक अँपिअर म्हणजे खऱ्या चिपचा कोळसा होईल, पण एसी विश्लेषणात सगळं सरळ रेषेतलं असल्याने नोडला चटकाही बसत नाही. कागदावरच्या वाघासारखा कागदावरचा अँपिअर.

तिसरी: नोडचं व्होल्टेज खरोखरच शून्यापासून वरपर्यंत ओढून न्यायचं, वाटेत किती चार्ज प्यायला त्याची बेरीज करायची आणि व्होल्टेजच्या फरकाने भागायचं. ट्रान्झिस्टरचा कपॅसिटन्स व्होल्टेजबरोबर बदलत असतो, तेव्हा ही झाली सगळ्या प्रवासाची सरासरी. डिजिटलवाल्यांना हीच उपयोगाची.

आता प्रश्न असा की एकाच नोडसाठी या तीन रीतींनी आलेले तीन आकडे जुळतात का? तर नाही. बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि तिन्ही बरोबर असतात.

इथे ती जुनी गोष्ट येते.

२०१५ सालची. तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथे एका चिपमध्ये एक अँप्लिफायर माझ्याकडे होता आणि त्याच्या आधीचा बफर एका मुलीकडे होता. तिची दुसरीच नोकरी, वय असेल सव्वीस. तिच्या बफरने माझ्या अँप्लिफायरचं इनपुट हलवायचं, म्हणजे माझ्या इनपुटचं बांडगूळ पोसायचं काम तिच्याकडे. साहजिकच तिने विचारलं, "सर, तुमच्या इनपुटचा कपॅसिटन्स किती धरू?" मी कॅपटॅब काढला, इनपुटच्या नोडची ओळ बघितली आणि आकडा कळवला. चाळीस.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, यात मिलर धरलाय ना?"

मी मॉनिटरवरून मान न वळवता म्हणालो, "टूलचा आकडा आहे. टूलला मिलर कळतो."

मिलर म्हणजे काय ते घरच्या मंडळींसाठी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्रान्झिस्टरच्या इनपुट आणि आउटपुटच्या मध्ये एक छोटासा कपॅसिटर असतो. त्याला रबर समजा. एक टोक तुमच्या हातात, दुसरं समोरच्या माणसाच्या. तो उभा राहिला आणि तुम्ही एक पाऊल मागे गेलात, तर रबर एक पाऊल ताणलं. पण अँप्लिफायर हा समोरचा माणूस उभा राहत नाही. तुम्ही एक पाऊल मागे गेलात की तो दहा पावलं विरुद्ध दिशेला पळतो. रबर ताणलं अकरा पावलं, आणि तुमच्या हाताला ओढ अकरा पट. रबर तेवढंच आहे, पण तुम्हाला ते अकरा पट जाड वाटतं. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसाने हे व्हॅक्यूम ट्यूबच्या जमान्यात, १९२० मध्ये लिहून ठेवलंय. शंभर वर्षं उलटून गेली.

आता आकडे बघा, सोयीसाठी थोडे गोल केलेत. तक्त्यातल्या ४० पैकी ३२ फेम्टोफॅरडची दुसरी टोकं स्थिर होती. उरलेले ८ म्हणजे ते रबर. तक्ता आपला ३२ अधिक ८ करून मोकळा. पण गेन दहा असल्याने रबर हाताला लागतं ८ गुणिले ११, म्हणजे ८८. एकूण १२०. लेआउटमधल्या तारेचे आणखी दहा धरले तर १३०. तिच्या बफरचा आउटपुट रेझिस्टन्स पाच किलोओहम धरा. ४० फेम्टोफॅरडला बँडविड्थ येते सुमारे ८०० मेगाहर्ट्‌झ, १३० ला येते २४५. (गेन स्वतःच जास्त फ्रिक्वेन्सीला पडायला लागतो, तेव्हा वरच्या टोकाला हा ८८ थोडा कमी होतो. जाणकारांनी पत्र पाठवू नये, मला माहीत आहे.)

टूलला मिलर कळतो हे माझं वाक्य खरंच होतं. अख्खं सर्किट एकत्र चालवलं असतं तर सिम्युलेटरने निमूटपणे खरं उत्तर दिलं असतं. पण तक्ता म्हणजे टूल नव्हे. तक्त्यात समोरचा माणूस उभा असतो. आणि अख्खं सर्किट एकत्र चालवलं तेव्हा वेळ वाचवायला माझ्या अँप्लिफायरच्या जागी त्याचं सोपं मॉडेल टाकलं होतं. त्या मॉडेलच्या इनपुटला कपॅसिटर किती? तोच, माझा चाळीसचा. म्हणजे माझ्या आकड्याला साक्षीदारही माझाच आकडा.

चार महिन्यांनी चिप आली. वेग ठरल्याच्या एक तृतीयांश. मीटिंग झाली, आणि बफर कमजोर आहे असं ठरलं. ती म्हणाली, "एकदा लोड पुन्हा बघूया का?" त्यावर कुणीतरी म्हणालं, "लोड सरांनी दिलाय." विषय संपला. मी खोलीतच होतो. मीही मान हलवली. मुद्दाम नाही, मला खरंच तसं वाटत होतं. पण हलवली.

तीन आठवड्यांनी भलत्याच कारणासाठी मी माझ्या इनपुटला एसी सोर्स लावला, आणि उत्तर आलं ११८. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो. मिलर इफेक्ट मला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून येतो. मुलाखतीत मी उमेदवारांना तोच विचारतो! माझ्याच मुलाखतीत मी नापास झालो असतो.

त्याच संध्याकाळी सगळ्यांना मेल लिहिली, चूक बफरची नाही, माझी आहे. साहेब म्हणाले, "प्रामाणिकपणा आवडला." तिचं त्या वर्षाचं रेटिंग आदल्याच आठवड्यात ठरून गेलं होतं, आणि ठरलेलं बदलत नाही असं मला सांगण्यात आलं. माझं रेटिंग मात्र चांगलं आलं. वर्षभराने ती दुसरीकडे गेली.

तर मंगळवारी त्या मुलावर जो राग निघाला, तो असा जुना होता आणि त्याचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून सॉरी म्हटलं. पण माझं म्हणणं मात्र सोडलं नाही. ते असं, की कपॅसिटन्सचा आकडा एकटा सांगायचा नाही. कुठल्या व्होल्टेजला, कुठल्या फ्रिक्वेन्सीला, आणि त्या वेळी पलीकडचं टोक काय करत होतं, हे बरोबर सांगायचं. यातला तिसरा प्रश्न कुणी विचारतच नाही. नुसत्या दोन शेजारी तारा घेतल्या तरी, शेजारीण स्थिर असेल तर मधला कपॅसिटन्स एकदा मोजायचा, ती उलट दिशेने हलली तर दोनदा, आणि बरोबरीने हलली तर शून्य. धातू तोच, अंतर तेच. मग 'या तारेचा कपॅसिटन्स' असं एक काहीतरी असतं का? मला तर वाटतं नसतं. तो दोघींचा मिळून असतो.

आणि टूल चालू करायच्या आधी कागदावर एक अंदाज काढावा. यावर ऑफिसात मला 'पाढे पाठ करणारे' म्हणून चिडवतात. त्यांचं म्हणणं, आज लेआउटमधून तारांचा कपॅसिटन्स काढणारी टूल्स लाखो तुकडे वेचून देतात, तुमचा कागद कुठे पुरणार? बरोबर आहे. उलट मीच त्यांना आणखी एक मुद्दा देतो. शंभर मायक्रॉन लांब, अर्धा मायक्रॉन रुंद तार, खाली एक मायक्रॉन ऑक्साइड. शाळेतल्या सूत्राने कपॅसिटन्स येतो १.७ फेम्टोफॅरड. प्रत्यक्षात शेजारी तारांची दाटी असेल तर २० च्या आसपास निघतो, कारण तारेच्या कडांवरून आणि अंगावरून जाणारं क्षेत्र ते सूत्र जमेसच धरत नाही. म्हणजे माझा कागद दहा पट चुकला! पण कागद चुकला की मी त्याच्यावर संशय घेतो, शोधायला लागतो, आणि कडांबद्दल काहीतरी शिकतो. ४१.३७ वर संशय कोण घेणार? त्यातल्या त्या ३७ मुळे तर नाहीच.

ज्यांना करून बघायचंय त्यांनी ऑफिसच्या महागड्या टूलची वाट बघू नये. एनजीस्पाइस फुकट मिळतो आणि २०२० पासून स्कायवॉटरच्या १३० नॅनोमीटरच्या कारखान्याची मॉडेल्सही सगळ्यांना खुली आहेत. एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, गेटला एसी सोर्स. तीन रीतींनी तीन आकडे काढा. अर्ध्या तासाचं काम आहे, चहासकट.

तो मुलगा काल संध्याकाळी एक कागद घेऊन आला. चक्क वहीचा, रेघांचा. त्यावर हाताने हिशेब: अंदाज ९५. एसी सोर्सने ११२. "सर, सतरा कुठून आले ते सापडत नाहीये," म्हणाला. आम्ही दोघं सात वाजेपर्यंत बसलो, नऊ सापडले. उरलेले सोमवारी.

हे सगळं इथे टाकायच्या आधी त्या मुलीला वाचायला पाठवलं. मुलगी कसली, आता एका टीमची प्रमुख आहे ती. तिच्याबद्दल लिहायचं तर तिची परवानगी हवी. रात्री उशिरा उत्तर आलं. "टाका की सर. फक्त एक दुरुस्ती. तुम्ही तेव्हा चाळीस नव्हता म्हणालात. चाळीस पॉइंट तीन म्हणाला होतात."